दहा घोड्यांचं इंजिन

बाबा, तुमचं चुकलं होतं. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आज सकाळी एका संत्रेवाल्याच्या विहिरीवर पंपाचं इंजिन बसवत होतो. तो म्हणाला, "मिस्त्री, मोठंच बसवा ना, लहान काहून घेऊन राहिले?" माझं डोकं असं भणाणलं की हातातला पाना खाली टाकून मी बांधावर जाऊन बसलो. तुमचाच आवाज वाटला मला तो. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? म्हणून तुम्हाला लिहितो. तेव्हा तुम्ही बोलू दिलं नाहीत.

सिव्हिल लाइन्सच्या साहेबाला अंबाझरी तलावात फिरायला नाव हवी होती. वर बसायला खोली, मागच्या फळीला टांगलेलं इंजिन. नागपुरात नाव बांधणारा सुतार कुठून मिळणार? तुम्ही बैलांच्या बंड्या करणारे, त्यातल्या त्यात नावाजलेले, म्हणून तो तुमच्याकडे आला. आणि खोटं कशाला बोलू, बांधलीत सुरेख. नुसतं सागवान, बंडीसारखं भक्कम. खोलीसुद्धा सागवानाची, तिला काचेच्या खिडक्या, गांधीबागेतून आणलेले मखमली पडदे. "साहेब म्हणाला, इंजन तुम पसंद करो, मिस्त्री," हे तुम्ही आळीत आठ दिवस ज्याला त्याला सांगत होतात. मी तेव्हा सदरच्या मोटार कारखान्यात होतो, चोवीस वर्षांचा, लग्न झालेला. माझे पहिले पाने तुम्हीच आणले होते, फडक्यात गुंडाळून. "लाकूड माह्यं, लोखंड तुह्यं," म्हणाला होतात. मला वाटलं, लोखंडाच्या बाबतीत तरी माझं ऐकाल.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. नाव काठाशी तरंगते आहे. मी मागे ज्वारीचं पोतं ठेवतो, पाच घोड्यांच्या इंजिनाइतकं तोलून, आणि त्याला लागून स्वतः बसतो, कारण इंजिन धरणारा माणूस मागेच बसणार. इंजिन अडकवायला तुम्ही मागच्या फळीत खाच पाडली आहे. पाणी त्या खाचेच्या वीतभर खाली आहे. मग मी दहा घोड्यांच्या हिशेबानं पोतं वाढवतो. पाणी दोन बोटं वर येतं.

"दोन बोटांसाठी रडून राहिला का गा?" तुम्ही काठावरून म्हणता.

"बाबा, हे उभ्या नावेचं झालं. चालली की मागून अजून बसते. एवढ्या जड नावेची चाल ठरलेली असते, पाच घोडे तिले तितकी देतेत. वरचे पाच नुसतं पाणी खणतीन. अन् एकदम थांबवली त मागची लाट सरळ आत येईन. पाचाचंच घ्या. नाहीतर खोलीचं सागवानी छत काढून कापडाचं टाका, वजन तरी कमी होईन."

छताचं नाव काढलं आणि तुमचा चेहरा फिरला. तुमचे दोन कारागीर तिथेच उभे होते. "बंडी जड झाली त बैल वाढवतेत, बंडी कापत नाहीत. बापाले शिकवून राहिला? चार पाने हातात आले, त मोठा इंजिनिअर झाला!" ते दोघं खो खो हसले. अहो, बंडीखाली जमीन असते, बाबा! वजनाखाली पाणी खचतं, जमीन खचत नाही. तुमच्यासारख्या हुशार माणसाला एवढं कळलं नसेल, हे मला आजही पटत नाही. कळलं होतं तुम्हाला. छत वाचवायचं होतं, बस.

तर दहा घोड्यांचं इंजिन कलकत्त्याहून आलं. पहिल्या फेरीला साहेब, त्याचे पाहुणे, आणि कौतुक बघायला माझ्या कारखान्याचा मालकसुद्धा. इंजिन मी धरलं. नाव नाक वर करून, मागून बसून, तलाव उकरत निघाली, आणि साहेब आतून "और तेज, और तेज" ओरडतो आहे. परत येताना काठाच्या पायऱ्या जवळ आल्या तसा तोच घाबरून "रोको!" म्हणाला. मी इंजिन बंद केलं. मागची लाट खाचेतून आत आली, तिच्यामागे दुसरी. छातीभर पाण्यात नाव तळाला टेकली. मेलं कोणी नाही. साहेब चिखलातून बाहेर आला, पडदा अजून त्याच्या खांद्यावर होता, आणि त्यानं विचारलं, "इंजन किसने पसंद किया?"

तुम्ही पायऱ्यांवर उभे होतात, कोरडे ठणठणीत. माझ्याकडे बोट केलंत. "इसने, साहब. मैं तो सुतार आदमी, इंजन का मुझे क्या मालूम?"

दुसऱ्या दिवशी मालकानं कामावरून काढलं. साहेबाला बुडवणारा मिस्त्री म्हटल्यावर नागपुरात कोण उभं करतो? बायकोला घेऊन काटोलला आलो आणि विहिरी धरल्या. तुम्ही त्याच साहेबाच्या बंगल्यात कपाटं करत राहिलात. लाज नाही वाटली, बाबा? पोटच्या पोराचं नाव मातीत घातलंत, एका छतासाठी! पुढे तुम्ही अंथरूण धरलंत, आईनं तीनदा निरोप धाडला, "तुले विचारून राहिले, ये." मी गेलो नाही. लोकांना वाटलं, रागानं. मीही तसंच सांगत आलो.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहितो. इंजिन मागवायला कलकत्त्याला धाडलेली चिठ्ठी इंग्रजीत होती आणि ती मी लिहिली होती. तुम्हाला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पाच लिहिलं असतं, तर पेटी उघडल्यावर तुम्ही त्यालाच दहाचं समजून मिरवलं असतं. माझ्या मनात आलंही होतं ते. पण तुमच्या त्या दोन कारागिरांचं हसू कानात होतं, आणि चारचौघांत तुमची फजिती व्हावी म्हणून मी दहाच लिहिलं. तुम्ही बोलावलंत तेव्हा आलो नाही, ते रागानं नाही, भीतीनं. वाटलं, तुम्ही विचाराल, "चिठ्ठीत काय लिहिलं होतं गा तू?"