गुरुवारची मोटारसायकल

पाणीगेट, बडोदे
मार्गशीर्षातला गुरुवार, दुपार

प्रिय अहो,

मथुरेहून तुम्ही पाठवलेली पेटी पोहोचली. पेढ्यांचा डबा, आईंची शाल, माझ्यासाठी तुळशीची माळ. शालीच्या घडीत दुकानदाराची बावन्न रुपयांची चिठ्ठी तशीच राहिली होती. आईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि दोन दिवस शाल अंगाला लावली नाही. तिसऱ्या दिवशी गारठा वाढला तेव्हा म्हणाल्या, पैसे गेलेच आहेत, तर ऊब तरी घेऊ. मनिऑर्डरही आली. तिच्यातून किराणा, दूध आणि आईंचं औषध भागलं, आणि एक्केचाळीस रुपये मोटारसायकलीच्या सायलेन्सरवर गेले. हा शेवटचा खर्च तुम्हाला न विचारता केला, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

दिवाळीच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की गाडी धनाजीरावांना देऊन टाक, ते रिफायनरीतलं आपलं माणूस, बाराशेला घेतील. का विकायची ते लिहिलं नव्हतंत. धनाजीराव आले, किक मारली, आणि सगळी गल्ली दारात आली. सायलेन्सर वाकणापाशी फाटला होता. एवढ्या लहान गाडीत एवढा आवाज कुठे होता कोण जाणे. धनाजीराव म्हणाले, "वहिनी, आता आठशे. नवा सायलेन्सर घालायचा तर माझेच अडीचशे जातील." आई आतून म्हणाल्या, "अडीचशे जातील आणि चारशे कापतोय." ते हसले, पण महिन्याभराने पुन्हा येतो म्हणून गेले.

मला चारशे सोडवेनात. शेजारच्या चारुलताबेन वाघोडियाच्या कारखान्यात हिशेब बघतात आणि मोपेडवरून जातात, म्हणून पाना त्यांच्या घरी होता. आम्ही दोघींनी मिळून सायलेन्सर सोडवला. गोरव्यात एक गॅस वेल्डिंगवाले आहेत रावजीभाई, ते जुनं सांधून देतात असं चारुलताबेननीच सांगितलं. मी तो माझ्या जुन्या साडीत गुंडाळला आणि बसने निघाले. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठलं भजनी मंडळ तुमचं?" त्यांना ती वीणा वाटली. मी खोटं बोलले नाही, नुसती हसले. मग गोरव्यापर्यंत तो मांडीवर वीणेसारखाच धरून बसले. खिडकीतून विश्वामित्रीवरचं धुकं दिसत होतं, आणि मला वाटत होतं की ही बस कुठे पोहोचूच नये.

रावजीभाईंनी आतली काजळी काढायला सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवला, फाटका भाग कापला आणि पत्र्याचा तुकडा जोडला. पन्नास म्हणाले, पस्तीसवर आले. पॅकिंग आणि बोल्टांचे सहा वेगळे. मग त्यांनी विचारलं, गाडी फिरते का? मी अभिमानाने सांगितलं की साहेब बाहेरगावी आहेत, पण इंजिन जाम होऊ नये म्हणून दर गुरुवारी दत्ताच्या आरतीच्या वेळी चालू करते आणि आरती संपली की बंद. ते इतके हसले की डोळ्यावरचा काळा चष्मा काढावा लागला. म्हणाले, उभ्या उभ्या चालवली की सायलेन्सर नीट तापत नाही, आत पाणी सुटतं, ते तिथेच मुरतं आणि पत्रा खातं. "आने फेरवजो, बेन, नहीं तो पाछी सडी जशे." हिला फिरवत जा, नाहीतर पुन्हा कुजेल. म्हणजे तुम्ही जाताना सांगून गेलात आणि मी आरतीबरोबर पाळलं, त्या नेमानेच तो कुजला. यात तुमचा दोष नाही. माझाही नाही. पण आरती चालू असताना दाराशी तो आवाज ऐकला की तुम्ही चपला काढताय असं वाटायचं, म्हणून मी कधीकधी शेवटचं कडवं पुन्हा म्हणत असे.

गाडी फिरवायची तर कोणी? चारुलताबेन म्हणाल्या, "तुम्हीच." साडीचा प्रश्न आला तेव्हा आईंनी ट्रंकेतून आपलं नऊवारी लुगडं काढलं. म्हणाल्या, "कासोट्यात घोड्यावरही बसता येतं, ही तर फटफटी." शिकाऊ लायसन्स काढलं, चारुलताबेन पहाटे मैदानावर शिकवत. दोनदा पडले, खरचटलं तेवढंच. आणि गेल्या गुरुवारी उजाडताच वाघोडियाच्या रस्त्याला लागले. चारुलताबेन मागे बसल्या होत्या, पण त्या बोलत नव्हत्या, आणि थोड्या वेळाने मागे कुणी आहे हेच मी विसरले. दोन्हीकडे तुरीची शेतं, त्यांवर धुकं, आणि गाडी इतकी हळू बोलत होती की आपण रस्त्यावरून जातोय की रस्ताच आपल्याखालून वाहतोय ते कळेना. एक बैलगाडी समोरून आली नि धुक्यात मिटून गेली. मी मनात आरती म्हणत होते. ती केव्हा संपली आणि पुन्हा केव्हा सुरू झाली, मला ठाऊक नाही. परत आल्यावर आईंनी सायलेन्सरजवळ हात नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "आता तापलाय बरोबर."

या रविवारी धनाजीराव पुन्हा आले. आवाज ऐकून खूश झाले, बाराशे मोजायला लागले. मी म्हटलं, थांबा, गाडी द्यायची नाही. त्यांना राग आला. म्हणाले, "वहिनी, ते तिकडे मथुरेला रिफायनरीच्या क्वार्टरसाठी अर्ज करून बसलेत, इथे गाडी कुणासाठी ठेवता?" त्यांना वाटलं मला माहीत आहे. मी चहा दिला. आई शाल ओढून बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं, पण अजून विचारलेलं नाही. दिवाळीच्या पत्रात नेहमीचं "चैत्रात येतो" नव्हतं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मी रागावले नाही. चैत्रात येणार असाल तर आगगाडीचा नंबर लिहा, मी स्वतः स्टेशनावर येईन, तुम्हाला मागे बसावं लागेल. आम्हा दोघींना तिकडे न्यायचं मनात असेल तर तेही लिहा, आईंना मन तयार करायला वेळ लागेल. आणि यातलं काहीच नसेल, तर तेसुद्धा सरळ लिहा, धनाजीरावांच्या तोंडून नको. काय ते उलट टपाली कळवा. मी आईंना सांगून ठेवलंय की येत्या सोडून पुढच्या सोमवारपर्यंत पत्र येईल.

तुमचीच,
दुर्गा