काळ्या उतारावरचा पाहण्याचा कार्यक्रम

ग्लासगो, मार्च १९९१

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पालथा पडूनच लिहितोय, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट नाहीत. बसता येत नाही. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? पद्माकर भावोजींचे गुलाब छाटून झाले का? आम्ही इकडे जिवंत आहोत, आणि हे मी नुसती रीत म्हणून लिहीत नाही.

तू फोनवर बजावलंस, “शिल्पाचा पाहण्याचा कार्यक्रम तुझ्या घरी आहे, दोघांना क्षणभरही एकटं सोडू नकोस.” (डेंटिस्ट झालेल्या मुलीला!) पण तुझ्या लेकीने पोहेबिहे रद्द करून हरीशला थेट स्कीइंगलाच बोलावलं. लीड्सच्या डॉक्टरांचा मुलगा तो, दरवर्षी ऑस्ट्रियाला जाणारा, आनंदाने आला. मी दोन हिवाळे शिकलोय, शिकवणाऱ्याने मला ‘इंटरमीजिएट’ म्हटलंय, आणि हे मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? गेलो.

वर पोचल्यावर शिल्पा सोप्या निळ्या पाटीकडे न जाता काळ्या पाटीकडे वळली. काळी म्हणजे तरबेज लोकांची वाट, डोंगराच्या माथ्यापासून पार तळापर्यंत. देखावा अप्रतिम असतो म्हणतात, दोन तळी आणि लांबवर समुद्र. मला माझ्या स्कीची टोकं दिसली, आणि त्यांच्यापुढे काहीच नाही. खरंच काही नाही गं, जमीनच संपलेली. हरीश म्हणाला, “अंकल, टेक युअर टाइम, ओके?” आणि सुर्रकन दिसेनासा झाला. काय सफाई! पोरगा गुणी आहे.

पहिल्याच वळणावर मी वळलो, स्की वळल्या नाहीत. पाठीवर घसरत निघालो, खाली खडक, आणि मनात एकच, की आता ताईला हे कळवणार कोण? जोतिबाला एक नारळ बोललो, वेग वाढला तसे पाच केले. शेवटी शिल्पानेच आडवं येऊन थांबवलं. मी बर्फाला मिठी मारून रडलो, ताई, पन्नाशीचा माणूस! इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती म्हणाली, “मामा, खाली नको बघू. माझा जॅकेट बघ, ओन्ली जॅकेट. मी आहे ना.” त्या लाल जॅकेटच्या मागे मी आडवा सरकत, बसत, पुन्हा घसरत उतरलो. (क्षणभरही एकटं न सोडण्याची तुझी आज्ञा तंतोतंत पाळली गेली, फक्त ती माझ्या बाबतीत.)

खाली हरीशचं सूप पिऊन झालं होतं आणि तो घड्याळ बघत होता. असो. मुलगा देखणा, नोकरी उत्तम, घराणं माहितीतलं. होकार कळवून टाकावा असं माझं मत आहे.

तुझा धाकटा भाऊ,
शशी

ता. क. शिल्पाचा नकार आहे. काळी पाटी तिने मुद्दाम निवडली होती. म्हणते, “मामासाठी थांबतो का, ते बघायचं होतं.” आणि मी समजत होतो, राखण करायला मी गेलोय.

ता. क. २. पुढच्या महिन्यात ब्रिस्टलचा विमानं बनवणारा मुलगा येतोय, आणि शिल्पाने पुन्हा तोच डोंगर ठरवलाय. या खेपेला कृपा करून भावोजींना पाठव. त्यांना स्कीइंग अजिबात येत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, मग तर उत्तमच.