राळ्याच्या थैलीची अट

मी गोजरबाई, भ्रतार हिंमतराव पाटील जवंजाळ, वय अंदाजे पंचावन्न, धंदा घरकाम व शिवण, राहणार धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. वडील मराठी शाळेत मास्तर होते, म्हणून मला अक्षर येते. छातीत दुखते आणि डॉक्टरांच्या औषधाने उतार पडत नाही; डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून कोणी लिहूनही घेतलेले नाही. आमच्या घरातले गोड बोलणे माडीवर जाते, माझ्या खोलीपर्यंत येत नाही.

या कागदात ‘मालक’ म्हणजे माझे यजमान, आणि ‘धाकटी’ म्हणजे पुष्पाबाई, त्यांचे दुसरे कुटुंब, माझी सवत, माडीवर राहणारी.

कलम १. पेठेतले दोन खणांचे घर मला वडिलांनी दिले. ते माझे स्त्रीधन आहे, त्यावर जवंजाळांचा हक्क नाही. माझ्या मागे ते माझी एकुलती मुलगी विमलबाई, हल्ली राहणार मेहकर, हिने घ्यावे. विमलच्या पाठीवर मूल राहिले नाही म्हणून धाकटी घरात आली. तिला मुलगे झाले. पोरे गुणी आहेत, मला मोठी माय म्हणतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यांच्या आईचे लुगडे माझ्या बापाच्या घराच्या खुंटीवर टांगलेले मला चालणार नाही.

कलम २. पाटल्या, पोत आणि नथ विमलची. नथ धाकटीने एकदा लग्नाला जायला मागून नेली होती. तिच्या नाकाला ती जास्त शोभते असे मालक माझ्यासमोर म्हणाले, म्हणून नथेचे नाव वेगळे लिहिले.

कलम ३. सवत मेली की तिचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर तिची मूर्ती, करून मागे राहिलेली गळ्यात बांधते, म्हणजे मेलेली त्रास देत नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. माझा टाक करू नये. जन्म तिच्या शेजारी काढला, मेल्यावर तिच्या गळ्यात राहायची माझी इच्छा नाही. आणि मी त्रास देणार नाही असे वचनही मी देत नाही.

कलम ४. सुया, दाभण, अंगुस्तान आणि मेणाचा गोळा विमलने न्यावा. घरात एक चांगली विलायती कात्री आहे. ती धाकटीच्या पेटीत आहे, पण ती माझी आहे. धाकटीने ती विमलला द्यावी. का, ते पुढच्या कलमात येते.

कलम ५. मालकांच्या बंदुकीच्या दस्त्याखाली ठेवायची थैली.

मालकांकडे सरकारी परवान्याची रायफल आहे. बुलढाण्याच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, परवानेदारांचा सामना होतो. पालथे पडून लांबच्या पाटीवर गोळी मारायची असते. नळीखाली मातीचे पोते असते, पण मागचा लाकडी दस्ता नुसता खांद्यावर, त्यामुळे मालकांचा नेम श्वासागणिक हलायचा. त्यांनी मागे वाळूचे गाठोडे ठेवून पाहिले, ते दगडासारखे बसले. सरकी भरून पाहिली, ती दाबली की उसळायची. ते चिडून घरी आले आणि जेवले नाहीत. तेव्हा मी थैली शिवायला घेतली.

त्यांच्या जुन्या खाकी ब्रीचेसचा, म्हणजे घोड्यावर बसायच्या विजारीचा, एक पाय कापला, मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टीप घातली. वरच्या अंगाला जुन्या जोड्याच्या कातड्याचे दोन कान बसवले, म्हणजे दस्ता मधोमध राहतो. आत राळा भरला. हे धान्य बाजरीहून बारीक, दाणा दाबाल तसा सरकतो आणि सोडाल तिथे थांबतो. थैली मुठीत आवळली की दस्ता वर येतो आणि नळीचे तोंड खाली जाते; मूठ सैल केली की उलटे. म्हणून ती ठासून भरायची नाही, बोटे रुतली पाहिजेत. आमच्याकडे बाईने बंदुकीला शिवू नये, म्हणून मी अंगणात थैलीवर मुसळ ठेवून, पालथी पडून गोठ्याच्या खुंटीवर नेम धरून पाहिला. शेजारच्या रुखमाबाईने कुंपणावरून पाहिले आणि गावभर सांगितले. सांगू दे.

त्या वर्षी, म्हणजे आठ-दहा वर्षांमागे, मालकांनी चांदीचा पेला जिंकला. मी नेमकी अडचणीची, बाजूला बसलेली होते, म्हणून त्यांच्याबरोबर धाकटी गेली. तिथे काय झाले ते आमचा गाडीवान कडूबा याने येऊन सांगितले. “सायबानं इचारलं, पाटील, थैली कोनं शिवली? मालक खाली पाहून राह्यले. चारचौघात बायकोचं नाव कसं घेतीन? मंग तहसीलदार म्हने, त्या काय पाटलीनबाई, बसल्या तिकडे. अन सायबाच्या मडमेनं धाकट्या मालकीनबाईच्या हातात बक्षिसाची कात्री देली.”

मी धाकटीला विचारले. ती म्हणाली, “मडमेनं हातातच देली तं काय करू? मले नाही म्हनता आलं नाही.”

“घेता बरं आली,” मी म्हणाले.

पुढच्या वर्षी त्याच कात्रीने तिने स्वतःची थैली शिवली. नव्या ब्रीचेसची. माझी थैली बाहेरून पाहून तिने टीप उचलली, कान उचलले, राळाही भरला. मालक ती हातात घेऊन वाखाणत माडीवरून खाली आले, ते मला अजून दिसते. पण मी राळा तव्यावर भाजून गार करून भरते, हे बाहेरून दिसत नाही. तिने कच्चा भरला. मला विचारले नाही, मी सांगितले नाही. पावसाळ्यात त्याला कीड लागून पीठ झाले. सामन्यात थैली खाली बसली, दस्ता खाली गेला आणि गोळ्या पाटीवरून गेल्या. मला बरे वाटले.

मग मालक माझ्या दारात आले. “इमलची माय, तुही थैली दे.”

“चांदमारीवर लोकाइसमोर माह्यं नाव घेतान तं देतो,” मी म्हणाले.

“नाव कसं घेऊ? लोक हासतीन.”

“मंग राहू द्या.”

तेव्हापासून ते गोणपाटाची घडी ठेवून नेम धरतात आणि हरून येतात. थैली माझ्या पेटीत आहे. तिची व्यवस्था अशी: माझ्या मागे ती माझे भाऊ नारायणराव यांच्या ताब्यात राहावी. सगळे परवानेदार जमले असता मालकांनी मोठ्याने सांगावे की ही थैली गोजरने शिवली. नावासकट. तसे केले तर थैली त्यांची. मी गेल्यावरच्या पहिल्या सामन्यात केले नाही, तर ती उसवून राळा पाखरांना टाकावा आणि कापड बंदूक पुसायला मालकांना द्यावे. कसेही झाले तरी धाकटीने तिला हात लावू नये.

कलम ६. या कागदाप्रमाणे सर्व व्यवस्था नारायणरावांनी पाहावी.

मुक्काम धाड, मार्गशीर्ष, शके १८६०.

सही: गोजरबाई हिंमतराव जवंजाळ
साक्ष: वामनराव, निवृत्त पोस्टमास्तर, धाड
साक्ष: कडूबा, गाडीवान, यांचा अंगठा

ताजा कलम, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमक्ष. सह्या होत असताना मालक आत आले, कागद मागितला आणि उभ्याने वाचला. नंतर लेखणी घेऊन खाली एक ओळ लिहिली: ‘सदरहू थैली गोजरबाईने शिवली, हे खरे आहे. हिंमतराव.’ त्यांच्या अक्षरात माझे नाव मी आज प्रथम पाहिले आणि पुन्हा पुन्हा वाचले. तरीही मी सांगितले की अट लिहिण्याची नाही, बोलण्याची आहे. लिहिलेले या कडूबाला वाचता येत नाही. मालकांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. म्हणून अट कायम आहे. फक्त एवढे वाढवते, की इथे, माझ्या खोलीत, मी असतानाच म्हटले तरी चालेल.

सही: गोजरबाई
साक्ष: वामनराव
साक्ष: कडूबा यांचा अंगठा