पाचव्या माणसाचं धान्य

४ ऑगस्ट

सायकल मिळाली! फुकट! जांभळी, पुढे टोपली, घंटी थोडी दबलेली, बाकी काही दोष नाही. अशीच दुकानात साडेचार हजाराला सांगितली होती. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर — नावच 'न्या फुकट' — सकाळी सात-दहाला फोटो आला आणि सात-अकराला मी 'मला हवी' टाकलं. या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही.

धरमपेठेत जाऊन आणली. मोठं घर, ओळीने कुंड्या. त्या बाई चांगल्या होत्या, पण जरा हरवल्यासारख्या. विचारलं, मुलीला लहान होत होती का? तर म्हणाल्या, "नाही हो, आमच्याकडे लहान कोणी नाहीच. दारात पडून होती, कोणाची कोण जाणे." मी पुढे काही विचारलं नाही. फुकटच्या वस्तूची चौकशी करत बसलं की ती दुसराच कोणी घेऊन जातो.

ऑटोचे दीडशे वाचवायचे म्हणून अश्विनला तीच चालवत इंदोऱ्यातल्या आमच्या घरापर्यंत आणायला लावली. पंधरा वर्षांचा घोडा, गुडघे कानाला लागत होते. "मम्मी, लोकं हसून राहिले न!" हसू देत. नूपुर दारातच उभी होती. आठ वर्षांची पोर, सायकलीला मिठी मारून रडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला लिहू.

७ ऑगस्ट

नत्थूजींच्या दुकानातून रेशन आणलं. पाच माणसांचे पंचवीस किलो, गहू-तांदूळ मिळून. एक पैसा नाही.

पाचवं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, कांताबाई. फेब्रुवारीत गेल्या. कार्डावरचं नाव मी कापलेलं नाही. अंगठा घरातल्या कोणाचाही चालतो, तो मीच देते. नत्थूजींनी विचारलं, "म्हातारी कशी हाये वं, रोशनी? दिसत नाही." मी म्हटलं, "उमरेडले गेली, लेकीकडं." पिशवीत बघत सांगितलं.

चोरी आहे, मला कळतं. पण नवऱ्याच्या, प्रेमानंदच्या, कारखान्यात जुलैपासून ओव्हरटाइम बंद, त्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कसाबसा पोचतो. आणि मी कोणाच्या तोंडचा घास तर काढत नाही ना! हे सगळं मला शिकवलं ते सासूबाईंनीच. बाजार उठायच्या वेळी भाजीचे ढीग घ्यायचे. वरून कोथिंबीर-मिरच्या मागून घ्यायच्या, मिळेपर्यंत हलायचं नाही. सदरच्या दुकानात सेलच्या शेवटच्या दिवशी जायचं. त्या असत्या तर त्यांनीच दटावलं असतं, "नाव कापू नको वं, येडी!" आठवण येते. फार येते.

२१ ऑगस्ट

गहू संपत आला! कसं शक्य आहे? चार माणसं खातात, धान्य पाचांचं येतं. दर महिन्याला पाच किलो उरायला हवं. फेब्रुवारीपासून एकदाही उरलेलं नाही आणि माझ्या हे आज लक्षात येतंय. माझ्या! जी साबणाच्या वड्या मोजते!

२३ ऑगस्ट

उंदीर नाही. कोठीचं झाकण घट्ट आहे, खाली दाणा सांडलेला नाही. नूपुरवर संशय होता — चौथ्या पोळीसाठी भावाशी मारामारी करणारी पोर. पण ती काय खाते ते माझ्या डोळ्यांसमोर खाते. कच्चे गहू थोडीच खाणार!

८ सप्टेंबर

या महिन्याच्या धान्यातून सासूबाईंच्या वाटचे पाच किलो वेगळे काढले, सगळा तांदूळच. वेगळी पिशवी, वर सुतळी, माझी साधी गाठ. पलंगाखाली ढकलली. आता बघू कोण खातं ते.

शेजारच्या मयुराकडे पितृपक्षाचं ताट निघालं, कावळ्यांना हाका मारणं चाललं होतं. सासूबाई दरवर्षी गच्चीतून हसायच्या — "मेलेलं माणूस कायले जेवते वं?" आमचं बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर. श्राद्ध नाही, पिंड नाही. भूत तर नाहीच नाही.

१६ सप्टेंबर

पिशवी ओढली तेव्हाच हलकी लागली.

सुतळीची गाठ माझी नव्हती. दुहेरी फास आणि टोक आत खोचलेलं. तशी गाठ या घरात एकच माणूस मारायचं, आणि मला ती कधी जमली नाही. गाठ न सोडता सुतळी सरकवली. आत तांदूळ अर्धा. मधोमध खड्डा, ओंजळीने काढून घेतल्यासारखा.

दुपारचे बारा वाजले होते. ऊन होतं, खाली भंगारवाला ओरडत होता.

१७ सप्टेंबर

प्रेमानंदला दाखवलं. वाटलं हसेल. हसला नाही. बराच वेळ गाठीवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "कार्डावर नाव हाये न मायचं? ज्याचं नाव, थो खाईन. तू काहून भिऊन राहिली?" आणि डबा उचलून कामावर गेला.

ज्याचं नाव, तो खाईल. दिवसभर हेच डोक्यात.

३ ऑक्टोबर

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आमच्या वस्तीचा जेवणाचा स्टॉल होता. दोन्ही वेळा तिथेच जेवलो, घरची चूल बंद. सासूबाई त्या स्टॉलला दरवर्षी पाच किलो तांदूळ द्यायच्या. वर्षभर कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारी बाई, त्या एका दिवशी हात असा मोकळा सोडायची! यंदा त्यांच्याच पिशवीत जे काही उरलं असेल ते द्यायचं ठरवलं होतं.

पिशवी रिकामी. नुसती रिकामी नाही — घडी घातलेली. चार पदरी घडी, वर सुतळीची गुंडी करून ठेवलेली. त्या ठेवायच्या तशी.

ठरवलं. नाव कापायचं. पाच किलो तसेही मला मिळत नाहीतच. त्यांना दुसऱ्यांदा पोचवायला निघाल्यासारखं वाटतंय, मघापासून रडू आवरत नाही. पण घरात लेकरं आहेत. आणि मी घाबरले आहे. कोणाला सांगणार नाही, इथे लिहिते.

१० ऑक्टोबर

रेशनच्या ऑफिसात जाऊन आले. मृत्यूचा दाखला, आधार, कार्ड, सगळं नेलं होतं. बाहेर झाडाखाली टेबल टाकून एक नानाजी अर्ज लिहून देतात. "पन्नास रुपये, बाई. कॉम्प्युटरसंग नंबर जुळवून भरून देतो." पन्नास! चार ओळींचे! मला काय लिहिता येत नाही? भिंतीला कागद टेकवून स्वतःच भरला. कमी करायचं नाव — कांताबाई. अनुक्रमांक — कार्ड बघून टाकला. आमच्या जुन्या कार्डावर चारला सासूबाई, पाचला नूपुर, ती नंतर जन्मली म्हणून. लिहिलं चार. आतल्या माणसाने वर न बघता शिक्का मारला.

वाचलेल्या पन्नासातून नूपुरला थोडी संत्रा बर्फी नेली. एकटीने संपवली, अश्विनला कागद चाटायला दिला.

७ नोव्हेंबर

रेशनची पावती हातात घेतली आणि दुकानाच्या पायरीवरच बसले.

रोशनी. प्रेमानंद. अश्विन. कांताबाई.

वीस किलो. नूपुर नाही!

नत्थूजींनी मशीन पुन्हा पुन्हा बघितलं. "कॉम्प्युटरात चार नंबरले तुही पोरगी होती. तुनं जुन्या कार्डावरचा नंबर टाकला वं." त्यांनी कांताबाईचं काही विचारलं नाही, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते कळलं. नाव परत जोडायचं तर नवा अर्ज, महिना तरी जाणार.

पन्नास रुपये वाचवले मी! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. घरी आले तर पोरगी अंगणात सायकलवर गोल गोल फिरत होती, घंटी बडवत. बघितलं आणि हसायला आलं. कागदावरून गेली म्हणून काय झालं!

८ नोव्हेंबर

"मम्मी, मले भूक नाही." — नूपुर. काल रात्रीही नव्हती.

११ नोव्हेंबर

रामदासपेठेत मोफत तपासणी शिबिर होतं. नेली. डॉक्टर म्हणाले काही नाही, ठणठणीत आहे. पण तिथे यादीत मी दोनदा नाव लिहिलं आणि दोन्ही वेळा आमच्या मागच्या मुलाला पुकारलं. शेवटी हाताला धरून आत घुसवली.

दुपारी शाळेतून रडत आली. "टीचरनं माझं नावच नाही घेतलं. मी हात वर केला, तं पाहिलंच नाही माझ्याकडं."

चार दिवसांत दोन घास खाल्लेत तिने. तेही मी भरवले म्हणून.

१४ नोव्हेंबर

अश्विनने ताटं मांडली. चार. मी म्हटलं, नूपुरचं कुठे आहे? माझ्याकडे बघत राहिला. नुसता बघत राहिला. मग "हो हो" म्हणून पाचवं घेऊन आला.

त्याला रागावले. पण पीठ मी मळलं होतं, तेही चौघांचंच. आणि पोळ्या सगळ्या संपल्या. आम्ही तिघं जेवलो, नूपुरने ताटाला हात लावला नाही, तरी सगळ्या संपल्या.

१५ नोव्हेंबर

नानाजींकडे गेले. पन्नास दिले. पाचशे मागितले असते तरी दिले असते. नाव जोडायचा अर्ज त्यांनी नीट भरला, नंबर जुळवून. "पोरीचा अंगठा लागन. ऑफिसातून फोन येईन, तवा तिले घेऊन या." कधी येईल फोन? "आठ-दहा दिवस तं धराच."

आठ-दहा दिवस.

१८ नोव्हेंबर

लिहून ठेवते. हे पान रोज सकाळी वाचायचं.

नूपुर. माझी मुलगी. आठ वर्षांची. उजव्या भुवईत टाक्याची खूण आहे, नळावर पडली होती तेव्हाची. चौथी पोळी साखर घालून, गुंडाळी करून खाते. झोपेत माझ्या ओढणीचं टोक धरते. जांभळी सायकल तिची आहे, मी आणली आहे.

आज तिला जेवायला हाक मारायला उठले आणि नाव जिभेवर येईना. दारात उभी राहिले. ती पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मम्मी, मी हाये न इथं." तिला पोटाशी धरलं तेव्हा कुठे आठवलं. मी तिची आई आहे! कागदाचं काय घेऊन बसलेत सगळे!

फोन येऊ दे. लवकर येऊ दे.

२६ नोव्हेंबर

छान गेला दिवस. वीस किलो आम्हा चौघांना बरोबर पुरतंय. सासूबाईंचीही काही तक्रार नाही. सकाळी कुठल्याशा ऑफिसातून फोन आला, अंगठ्यासाठी मुलीला घेऊन या म्हणे. म्हटलं, राँग नंबर, आमच्याकडे लहान कोणी नाहीच.

दारात एक जांभळी सायकल पडून होती, कोणाची कोण जाणे. घंटी थोडी दबलेली, बाकी काही दोष नाही. 'न्या फुकट'वर फोटो टाकला. एका मिनिटात कोणा बाईचं 'मला हवी' आलं.