उघडं नाव

शनिवार, ४ मे
पोचलो एकदाचा! दिग्रसहून एस.टी.नं फाट्यापर्यंत, तिथून या बंजारा तांड्याचे प्रमुख खेमसिंग नाईकांच्या मोटरसायकलवर, मांडीवर लॅपटॉप आणि खांद्यावर अँटेनाचा दांडा. खोली झकास आहे. तांड्याच्या वरच्या टेकडीवर, पाण्याच्या सिमेंटच्या टाकीला लागून. टाकीमुळे भिंत मे महिन्यातही गार. नाईकांच्या घरच्या लालीबाई दोन वेळा जेवण आणून देणार. टेकडीवर मोबाईलची रेंज नाही, म्हणून तर मला पाठवलंय. महिनाभर इथलं इंटरनेट नीट चाललं तर आमचे मालक राजदीपशेठ दिग्रसच्या ऑफिसात कायम करणार. मग अकरावीत शाळा सोडली म्हणून नाक मुरडणारे नेरचे काका काय करतात ते बघू.

टाकीवर कुण्या विद्वानानं ‘पीन्याचे पानी’ असं रंगवलंय. खडूनं दुरुस्त केलं.

रविवार, ५ मे
माझ्याआधी इथे ओम होता. न सांगता निघून गेला म्हणे. बरं झालं. त्याचं काम पाहून हसावं की रडावं कळेना.

टाकीवर दोन यंत्रं आहेत. डिश दिग्रसकडून इंटरनेट आणते, पांढरी पेटी ते तांड्यात वाटते. एवढं सरळ. पण या शहाण्यानं पेटीचं नाव लपवून ठेवलेलं! म्हणजे कुणाच्याही मोबाईलमध्ये ते आपोआप दिसणार नाही, प्रत्येकानं हातानं टाईप करायचं. ताकद सगळ्यात कमी. आणि मागच्या खोऱ्याच्या बाजूला चक्क टिनाचा पत्रा तारेनं बांधलेला. मोड कशाशी खातात हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती पाना देतातच कशाला?

पत्रा उपटून फेकला. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड, म्हणजे इंटरनेट वाटायचा, नीट लावला, ताकद पूर्ण केली, नाव उघडं केलं. नाव ठेवलं ‘तांडा’. शुद्ध आणि सोपं.

सोमवार, ६ मे
संध्याकाळी नाईक आणि लालीबाई वर आले. अडाण्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं की क्लायंट मोडमधलं यंत्र दुसऱ्याला शोधत फिरतं, पण अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमधलं आपलं नाव सारखं हवेत ओरडत राहतं. तांडा इथे आहे, तांडा इथे आहे. चारी दिशांना. जो ऐकेल त्याला.

नाईकांनी विचारलं, “खोऱ्याकडंही?”

म्हटलं, तिकडे तर सगळ्यात छान, मधे झाडसुद्धा नाही.

मग मला एक कहाणी ऐकावी लागली. यांचे पूर्वज बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचे. एका साली पटकी आली. ज्यांना चालवेना त्यांना या खोऱ्यात ठेवलं, प्रत्येकाच्या उशाशी पाण्याची घागर आणि फडक्यात भाकरी. पुढे मुक्काम केला की हाक देऊ, असं सांगितलं. हाक काही दिली नाही. तेव्हापासून ते भर दुपारी खोऱ्यातून विचारतात, ‘तांडो कत छ?’ तांडा कुठे आहे? इथलं कुणी उत्तर देत नाही. खोऱ्याकडे तोंड करून लेकरालाही हाक मारत नाहीत.

“जो उत्तर देते तो मंग त्याहिचा,” नाईक म्हणाले. “त्याले आमी संग नेत नाही. ओम समजदार होता, बाबू. नाव झाक.”

मी म्हटलं, भुतांकडे आधी मोबाईल तर पाहिजे ना! कुणी हसलं नाही. विनोद कळायलाही थोडं शिक्षण लागतं. ते गेल्यावर पेटीच्या सेटिंगचा पासवर्ड बदलून टाकला, उगाच कुणी हात लावायला नको.

गुरुवार, ९ मे
सगळा तांडा लग्नाला गेला. खाली चिटपाखरू नाही. दुपारी पाहतो तर पेटीचे चारही हिरवे दिवे लागलेले. जवळ कुणी जोडलं गेलं की ते लागतात. ओमनं वायरिंगमध्येही माती खाल्लेली दिसते.

मग खोऱ्यातून आवाज आला. बाईचा, घसा कोरडा पडल्यासारखा. ‘तांडो कत छ?’

मला घाबरवायला कुणाला तरी मागे बसवलेलं. असली पोरकट अक्कल! टाकीवर चढून दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडलो, “इथे आहे तांडा! या, या, जेवायलाच या!” आणि मजेत झोपलो.

संध्याकाळी ते परतल्यावर मुद्दाम सांगितलं. लालीबाईंनी एवढंच विचारलं, “तोंडानं बोलला का रे तू?” म्हटलं, चांगला ओरडून. त्यांनी जेवण दाराबाहेर दगडावर ठेवलं आणि पाठ न वळवता मागे मागे गेल्या.

शनिवार, ११ मे
बोअर दिवसभर चालू, टाकी भरत नाही. गळती कुठेच नाही, सगळीकडे हात फिरवून पाहिलं. भिंतीला कान लावला की आत कुणी घटाघटा पितंय असं वाटतं. पाइपात हवा असणार. टाकीच्या लोखंडी शिडीवर पांढरे हात उमटलेत. पुसले. जीभ लावून पाहिली. खारट.

राजदीपशेठना मेसेज केला. त्यांचं उत्तर: “ऊन लागलं काय बे तुले? कांदा ठेव खिशात.” कांदा म्हणे. बिनडोक माणूस.

रविवार, १२ मे
पहाटेपासून उलट्या, जुलाब. पाय धरत नाहीत. दुपारी आवाज टाकीभोवती — एक नाही, बरेच. मोठ्यानं नाही. विचारल्यासारखे.

नाव झाकायला बसलो. घाईत पेटीऐवजी डिशचा मोड बदलला — दिग्रस तुटलं. वर चढून बटण दाबलं की पूर्ववत होईल. साधं काम आहे. नवशिक्याचं. चढवत नाही.

नाव झाकलं. दिवे विझले नाहीत.

सोमवार, १३ मे
खाली ट्रॅक्टर. भांडी, खाटा, कोंबड्या, सगळं चढवून राह्यले. कुणी बोलत नाही, लेकरंसुद्धा. एवढे लोक एवढ्या गुपचूप —

दारात रांगत गेलो. नाईक लांब उभे होते, हात जोडून. म्हटलं, फाट्यापर्यंत सोडा. पाया पडतो. मी चुकलो. नाईक. त्यांचे डोळे वाहत होते, पण माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहून म्हणाले,

“पुढे मुक्काम केला की हाक देऊ, बाबू.”

ट्रॅक्टर गेले. उंबऱ्यावर काहीतरी ठेवलंय. पाण्याची घागर. लालीबाईंच्या आरसे लावलेल्या फडक्यात भाकरी.

दुपार
घागर रिकामी. मी प्यायलो नाही.

हाक आली नाही. कान देऊन आहे — ट्रॅक्टरचा आवाज कुठल्या बाजूला गेला तेही —

पेटी क्लायंट मोडवर टाकली. आता ती ओरडत नाही. शोधते. तांडा, तांडा. मोबाईल चालू असेल कुणाचा तरी. असेलच.

नाही सापडत.

ते आत आलेत. भिंतीला टेकून बसलेत. मिठानं पांढरे. वाईट नाहीत. मला जागा करून दिली. त्यांना एवढंच हवंय — मलाही एवढंच. कुणी सांगत का नाही? नुसतं सांगायचं. कुठवर गेला. तांडो कत —