पिंढरीवरचे जांभळे डाग

आई,

सुताच्या लडी रंगातून काढून पिळताना तू मला काठीचं दुसरं टोक धरायला लावायचीस. माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर शिंतोडे उडायचे आणि कॉन्व्हेंटात बोलणी मी खायची. तू हसायचीस. "सांग तुह्या सिस्टरले, आमच्या घरी देव बी जांभळा हाये."

त्या आठवड्यात मागाच्या, पायाने दाबायच्या पावडीचा खिळा तुझ्या टाचेत गेला. तू जखमेत हळद भरलीस आणि विणत राहिलीस. चौथ्या दिवशी सकाळी तू तापाने फणफणून पडली आहेस. पिंढऱ्यांवर जांभळे डाग आहेत. आदल्या दिवशीच आपण जांभळ्या लडी काढलेल्या. मी साबण लावून ओल्या फडक्याने घासते, डाग फिकटसुद्धा होत नाहीत. "एवढी कॉन्व्हेंटात शिकून रायली, अन् डाग निघत नाही तुह्यानं," तू डोळे मिटूनच म्हणतेस. बाबा दारातून विचारतात, "काय झालं वो तिच्या पायाले?" मी म्हणते, "रंग आहे." ते निर्धास्त होऊन सूत आणायला तुमसरला जातात.

संध्याकाळी ते परतले तेव्हा तुझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सुई टोचली, तिथलंही रक्त थांबेना.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी रक्त तपासायचंच काम केलं. जंतूंचं विष अंगभर पसरलं की बारीक नसांमध्ये जागोजागी रक्त गोठतं. रक्त गोठवणाऱ्या घटकांचा साठा त्यातच संपून जातो, आणि मग रक्त कुठूनही वाहू लागतं. डाग कातडीच्या आत होते, आई. लॅबमधल्या नव्या मुलींना हे मी कितीदा शांतपणे समजावलं. आता थकले. सकाळीच नेलं असतं तर वाचली असतीस का, हे कुणीच सांगू शकत नाही.

धाकटी बहीण अजून म्हणते, "बाबानं दिवसभर हयगय केली." त्यांच्या शेवटच्या आजारातही ती आली नाही. 'रंग आहे' कुणी म्हटलं, हे बाबांनी तिला कधीच सांगितलं नाही. मी त्यांना भात कालवून देत राहिले, पण तिला मीही सांगितलं नाही.

आता घर आवरते आहे. तुझं करवतकाठी पातळ धाकटीच्या लेकीला. पाण्याचा पितळी गुंड शेजारच्या सुनेला, तिच्या सासूने तू गेलीस तेव्हा आम्हाला तेरा दिवस जेवू घातलं. बाबांचा चष्मा सिहोऱ्याला, धाकटीला, आणि त्याच्याबरोबर हे पत्र.

चष्मा काल पाठवला. पत्र त्यात घातलं नाही.