वीट लावलेलं दार

चिखली,
जेवणाच्या सुट्टीत

तीर्थरूप सहदेवमामा यांना भाच्याचा, म्हणजे अश्वजितचा, वाकून जयभीम.

ज्या दिवशी चंद्रशेखर साहेबांनी आपल्या केबिनच्या दाराले वीट लावली, त्या दिवशी माझं आयुष्य बदललं. वीट साधीच होती, गोदामामागं पडलेली, टवका उडालेली. पण ते सांगण्याआधी तुमची खुशाली विचारतो, नाही तर मामी म्हणतील पोराले रीतभात राहिली नाही. गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेला पट्टा बांधता का, की तो अजून मामीच्या लोणच्याच्या बरणीलेच बांधलेला आहे? मी तब्येतीनं ठीक आहे. फोनच केला असता, पण आमचे मोबाईल सकाळी गेटवर जमा होतात, आणि संध्याकाळी लावला तर तुम्ही "हाव, हाव, बरं हाय" म्हणून मी तोंड उघडायच्या आत ठेवून देता. म्हणून हे पत्र मोताळ्याकडं येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती देतो आहे.

तर मामा, बी.एस्सी. मी दुसऱ्या वर्षाले सोडली (सरांनी माझ्या जर्नलले नावं ठेवली, मी सरांना ठेवली) आणि तुमच्याच ओळखीनं या बियाण्याच्या कंपनीत चिकटलो. कंपनी लय मोठी आहे. (नाव लिहीत नाही, नाव कुठं लिहायचं तर वरून परवानगी लागते.) आमची चिखलीची शाखा म्हणजे तिच्या शेपटीवरचा एक केस, पण हेड ऑफिसले त्या केसाच्याही मनोबलाची काळजी. दर सोमवारी एक कागद येतो, त्यावर "मी आनंदी आहे" याच्यापुढं खूण करायची. ज्या शाखेत खुणा कमी, तिथल्या साहेबाची बदली ओडिशातल्या गोदामात. म्हणून साहेबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं, की जो कोणी आनंदी नसेल त्याची गाठ माझ्याशी आहे. पुढच्या सोमवारी आमची शाखा विदर्भात पहिली आली.

मग वरून हुकूम आला की साहेबाचं दार सगळ्यांसाठी कायम उघडं पाहिजे, कोणीही यावं, मन मोकळं करावं. ते दार आपोआप लागायचं, म्हणून वीट. पहिल्यांदा आत गेले आमचे गोदामवाले निवृत्तीभाऊ. साधे माणूस, म्हणाले, साहेब, गोदामात उकडते, एखादा पंखा मिळाला तर बरं होईल. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाहेर उन्हात गोण्या मोजायले बसवलं, कारण तिथं हवा मोकळी आहे. त्यानंतर त्या दारात कोणाची सावली पडली नाही. माणसं संडासले जायले अख्ख्या गोदामाले वळसा घालून जाऊ लागली. चहावाल्या सिंधूताई भिंतीले पाठ लावून, खेकड्यासारख्या आडव्या चालायच्या. मी स्वतः एकदा शिंक दाबली, ती संध्याकाळी बसस्टँडवर निघाली. दार बंद होतं तवा निदान साहेब आत काय करतात हे आमाले माहीत नव्हतं; आता ते काहीच करत नाहीत, फक्त पाहतात, हे रोज दिसत होतं.

आणि त्या दाराच्या बरोब्बर समोर धम्मशीलेचं टेबल. (मामी हे वाचून हसणार. हसू द्या.) मेहकरची, इथं मावशीकडं राहते, बिलं करते. हंगाम उरकला की तुम्ही तिच्या बाबांकडं बोलणी करायले जाणार होता, तीच. तिच्यासारखी शिवी अख्ख्या जिल्ह्यात कोणी देत नाही. रोज दुपारी डब्यातला अर्धा ठेचा माझ्या भाकरीवर टाकायची आणि वर म्हणायची, "खाय बे, कॉलेज तं पचलं नाही, हे तरी पचव." एवढ्या वाक्यावर मी संध्याकाळपर्यंत गोण्या उचलत होतो, मामा. आणि साहेबांनी फर्मान काढलं, की दुपारी कोणी सोबत जेवायचं नाही. सोबत जेवणं म्हणजे गटबाजी.

माझं डोकं तुमाले माहीत आहे. उठलो, त्या उघड्या दारात उभा राहिलो आणि अख्ख्या गोदामाले ऐकू जाईल असा बोललो. साहेब, हे ऑफिस हाय का मयताची बैठक? माणसं घास गिळतानाही तुमच्या दाराकडं पाहतात. घ्या तुमची नोकरी, अन् घाला त्या विटेखाली. मी वाट पाहत होतो, आता साहेब म्हणतील "निघ". साहेब पांढरेफटक पडले, खुर्चीतून उठले, आणि म्हणाले, "बसा ना सर. पाणी घेता?"

मागून कळलं ते असं. त्याच आठवड्यात साहेबांना वरून फोनवर गुप्त सूचना आली होती, की मनोबल खरं की खोटं हे पाहायले हेड ऑफिसचा एक माणूस साध्या कामगाराच्या वेशात शाखांमध्ये फिरतो आहे. (गुप्त होती, पण दार उघडं होतं, त्यामुळं मी सोडून सगळ्यांनीच ऐकली.) आणि साऱ्यांनी हिशेब लावला, की एवढं बोलून जो माणूस खुर्चीत बसून पाणी पितो, तो आपल्यातला असूच शकत नाही. मी शपथा घेतल्या, की बाबांनो, मी मोताळ्याचा, सहदेव मामाचा भाचा, कॉलेज सोडलेला. निवृत्तीभाऊ हळूच म्हणाले, "वेश लय बारीक घेतला सर तुम्ही. कॉलेज सोडल्याचं कोणाच्या डोक्यात आलं असतं?" माझ्या फाटक्या चपलेचंसुद्धा कौतुक झालं.

पहिले दोन-तीन दिवस मले मजा वाटली, खोटं काऊन बोलू. निवृत्तीभाऊंना सावलीत आणा म्हटलं, तर त्यांच्यामागं कूलर आला आणि तो एवढा जवळ लावला की त्यांना सर्दी झाली. सोबत जेवा म्हटलं, तर सगळे एका रांगेत बसले आणि मी घास घेतल्यावर घास घेऊ लागले. मले वाटलं, यांची भीती एकदाची काढून टाकावी. सगळ्यांना गोळा केलं आणि गोणीवर उभा राहून ओरडलो, की आजपासून इथं कोणी घाबरायचं नाही, आणि जो घाबरलेला दिसेल त्याची गाठ माझ्याशी आहे. सगळे एका सुरात म्हणाले, "नाही घाबरत सर." सिंधूताईंच्या हातातले कप वाजत होते. मामा, ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं होतं, आणि ते मी आधी कुठं ऐकलं होतं हे मले गोणीवरून उतरल्यावर आठवलं.

पण खरा घाव पुढंच आहे. त्या दुपारी धम्मशीला आली. दोन्ही हातांनी पूर्ण डबा माझ्यापुढं ठेवला, ठेचा सगळा माझ्याकडं, आणि सोमवारच्या कागदावर खूण करताना जसं हसतात तसं हसून म्हणाली, "सर, मीठ बरोबर आहे का?" सर! मी म्हणालो, धम्मे, मी अश्वजित, तुझा येडा. तर म्हणाली, "हो सर. तुम्ही म्हणाल तसं सर." त्या ठेच्यातलं तिखटच गेलं होतं मामा, गोड लागला. असा ठेचा मी जन्मात खाल्ला नाही आणि खाणार नाही. तिच्या बाबांनी उद्या होकार दिला, तरी जी बाई मले घाबरून हो म्हणेल तिच्याशी लग्न करून मी काय करू? घरात वीट लावू?

आता परिस्थिती अशी, की साहेबांनी मले स्वतःच्या खुर्चीत बसवलं आहे आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर हात बांधून बसले आहेत. हे पत्र त्यांना माझा अहवाल वाटतो आहे. मी विचार करायले थांबलो की त्यांच्या कपाळावर घाम येतो, म्हणून न थांबता लिहितो आहे. दार उघडं आहे. समोर धम्मशीला दिसते आहे. मी मान वर केली की ती हसते. मामींना नमस्कार, गुडघा जपा.

तुमचा भाचा,
अश्वजित

ता.क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. मोताळ्याच्या बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही दिवशी तुम्ही इथं या, आणि सगळ्यांसमोर माझा कान धरून मले बदडा. ज्याले मामा चारचौघांत बदडते तो हेड ऑफिसचा माणूस नसते, एवढी अक्कल इथं सगळ्यांना आहे. मी लहानपणी म्हशीच्या हौदात पडून "मगर, मगर" ओरडलो होतो, तेही मोठ्यानं सांगा.

ता.क. दुसरा. डावा कान धरा. उजवा दुखतो आहे. मामीले आणू नका, त्या खरंच मारतील.

ता.क. तिसरा. येऊ नका. आत्ता धम्मशीला चहा घेऊन आत आली, आणि कप ठेवता ठेवता तिनं हे सगळं उलट्या बाजूनं वाचून काढलं. (बिलं करून करून तिले ती सवय आहे.) मगरीपाशी आली तेव्हा तिचं ते सोमवारचं हसू गळून पडलं. म्हणाली, "मगर? अन् मी तुले आठवडाभर सर म्हणून रायली? कान धरायले मामा काऊन पायजे बे, मी मेली का? ऊठ त्या खुर्चीवरून." बे म्हणाली, मामा! साहेबांसमोर! साहेब स्टुलावरून अर्धे उठले आणि मलेच विचारू लागले, की सर, ह्यांना पण वरूनच पाठवलं आहे का?

उठलो आहे, हे उभ्यानंच लिहितो आहे. माझा डावा कान तिच्या हातात आहे, त्यामुळं अक्षर वाकडं येतं, समजून घ्या. वीट काखेत घेतली.

ता.क. चौथा, पाकिटावर. बाहेर आलो, आणि वीट नसल्यानं दार मागं आपोआप लागलं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि साहेब, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मनसोक्त शिंकले.